शुक्रवारपर्यंत एक ग्लास

सासूबाईंनी पहिला चमचा तोंडात घेतला, जिभेवर इकडून तिकडे फिरवला आणि मांडीवरच्या टॉवेलात परत थुंकला.

"खळ आहे ही," त्या म्हणाल्या. "घेऊन जा आणि लाव कुणाच्या तरी भिंतीला."

जीभ अजून जड होती. 'भिंतीला'मधला 'भ' अर्धा हवेतच विरला, पण टोमणा बरोबर सुनेच्या कपाळावर जाऊन बसला. मेंदूचा झटका आला त्या दिवशी सासूबाईंच्या उजव्या हातातला जोर गेला, ओठाचा एक कोपरा खाली उतरला, गिळण्याचं तंत्र बिघडलं. टोमण्यांच्या मात्र केसालाही धक्का लागला नव्हता.

"भिंतीला लावायची खळ मी याहून बरी करते," सून म्हणाली. "तिच्यात गुठळ्या नसतात."

ती घरं रंगवायची. स्वतःची शिडी, स्वतःचे ब्रश, हाताखाली कुणी नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी तिला 'रंगारीण' म्हणायला सुरुवात केली ती टोचायला म्हणून. पुढे टोचणं बोथट झालं आणि नाव तेवढं राहिलं. आता कुणी तिला खऱ्या नावाने हाक मारली तर ती आधी मागे वळून बघायची, दुसऱ्या कुणाला बोलावताहेत की काय म्हणून.

ती खळ म्हणजे दाट केलेलं पाणी होतं. दवाखान्यातून पावडरीचा डबा मिळाला होता. ती पावडर पाण्यात ढवळली की पाण्याला अंग यायचं. साधं पाणी सासूबाईंच्या घशात फार वेगाने उतरायचं आणि घशाला आपलं दार लावायला वेळच मिळायचा नाही. मग ते भलत्या वाटेने फुप्फुसात जायचं. दाट पेय सावकाश उतरतं, तोवर दार लागतं. कागदावर सगळं ठीक होतं. चवीचा विचार मात्र कुणीही केलेला नव्हता.

त्यातून ही बाई साधी नव्हती. आयुष्यभर त्यांनी तलावावर पोहायला शिकवलं होतं. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, आणि आवाज असा की पाण्याच्या तळाशी गेलेलं पोरसुद्धा वर यायचं. शहरातली निम्मी मोठी माणसं अजून त्यांना शिट्टीबाई म्हणायची आणि रस्त्यात दिसल्या की पोट आत ओढून उभी राहायची. अशा बाईला आता घोटभर पाणी मिळेना. तहान तर अशी लागायची, की नळाचा आवाज आला तरी त्या डोळे मिटून घ्यायच्या.

सोमवारी घोटबाई येऊन गेल्या होत्या. हे नावही सासूबाईंनीच ठेवलेलं. गिळण्याचे आणि बोलण्याचे व्यायाम घ्यायला त्या दवाखान्यातून घरी यायच्या. पातळ, शांत बाई. एकदा बोललं की तेच पुन्हा बोलायची गरज पडू नये अशा बोलायच्या. त्यांनी सासूबाईंच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच खाली बसेना. मग त्या खुर्ची ओढून समोर बसल्या.

"आजी, तुमच्या अंगातलं पाणी कमी होतंय. शुक्रवारी मी परत येणार. तोवर तुम्ही नीट पिऊ लागला नाहीत, तर नाकातून नळी घालावी लागेल. शुक्रवारच्या दुपारची वेळ मी दवाखान्यात सांगून ठेवलीय."

"नाकातून?" सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू कुणी बूट घालून तलावात उतरलं. "बाई, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही एवढंच मी जन्मभर शिकवलं. आणि तुम्ही माझ्या नाकातच नळ बसवणार?"

"तुम्ही प्यायलात तर नाही बसवणार."

"ही खळ?"

"दाट काहीही चालेल. चमचा तिरका केला की मधासारखं उतरलं पाहिजे. पाण्यासारखं पळायला नको आणि लगद्यासारखं चिकटायला नको. आणि गुळगुळीत हवं. एकसुद्धा तुकडा नको, एकसुद्धा धागा नको."

रंगारीण दाराला टेकून ऐकत होती. गुठळी नको, धागा नको, धार अशी हवी, हे ती रोज स्वतःलाच सांगत आलेली. तिच्या मनात आलं, हे तर माझं काम आहे.

घोटबाई गेल्यावर ती सासूबाईंच्या पायाशी बसली. "आई, खरं सांगा. काय प्यावंसं वाटतंय?"

सासूबाईंनी डाव्या हाताने मांडीवरचा टॉवेल बाजूला सारला. मग म्हणाल्या, "गार. आंबट-गोड. घशाला कळलं पाहिजे की काहीतरी गेलं. उन्हातून आल्यावर पितात ना, तसलं."

"स्मूदी करू? आंबा, अननस, केळं, नारळाचं दूध?"

"नाव काय ते! स्मूदी. कुत्र्याच्या पिल्लाचं ठेवतात तसं." पण त्यांची जीभ ओठांवरून फिरली, आणि ती रंगारणीने पाहिली.

*

मंगळवारी तिने काम बुडवलं. एका इमारतीचा जिना अर्धा रंगवून झाला होता, अर्धा तसाच पडला होता. मालकाने फोनवर कुरकुर केली, तेव्हा ती म्हणाली, "जिना कुठे पळून जात नाही." आणि फळं आणायला गेली.

आंबा तिने देठाशी हुंगून घेतला. केळी घेतली ती सालीवर काळे ठिपके आलेली, कारण तीच गोड आणि मऊ असतात. अननसाच्या शेंड्यातलं एक पान ओढून पाहिलं, ज्याचं सहज निघालं तोच घेतला. घरी येऊन तिने ओटा पुसला, फळं ओळीने मांडली, बाह्या वर केल्या. काम सुरू करण्याआधी भिंतीसमोर उभी राहायची तशी दोन क्षण नुसती उभी राहिली. तिला जराही शंका नव्हती. एवढ्या वर्षांत तिने हाताने कालवलेला एकही डबा फुकट गेला नव्हता.

नवरा दुपारीच घरी आला. तो लिफ्टा दुरुस्त करायचा, आणि त्या कामाने त्याचा स्वभाव बनवला होता. कुठलीही गोष्ट एकदा वर जाऊन सुखरूप खाली आली की मगच तो तिच्यावर विश्वास ठेवायचा. बायकोवर विश्वास ठेवायलाही त्याला बरीच वर्षं लागली, असं सासूबाईंचं म्हणणं.

"तुकडे राहिले तर?" त्याने विचारलं.

"राहणार नाहीत. रंग गाळते तसं गाळणार आहे. स्वच्छ, नव्या फडक्यातून. घाबरू नका, रंगाच्या नाही."

सगळं मिक्सरच्या भांड्यात पडलं. वरून मूठभर बर्फ. तिने बटण पार टोकाला फिरवलं. घरभर असा आवाज झाला, की आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "भिंत पाडताय का?" फडक्यातून गाळलं, पुन्हा एकदा मिक्सरमध्ये घालून फिरवलं, झाकण उघडलं तर आत पिवळाधमक, हलका, लोण्यासारखा ढग वर आला होता. तिने चमचा बुडवून तिरका केला. ढग चमच्यावरून सावकाश, अगदी मधासारखा उतरला.

"बघा," ती म्हणाली.

नवऱ्याने स्वतःच्या हाताने चमचा बुडवून पाहिला. मग आणखी एकदा. "बरोबर वाटतंय," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे टाळ्याच.

सासूबाईंना ताठ बसवलं. पाठीमागे उशी, हनुवटी जरा खाली, घोटबाईंनी शिकवलं होतं तसं. ग्लास डाव्या हातात दिला. पहिला घोट गेला. सासूबाईंनी डोळे मिटले आणि काही बोलल्या नाहीत. सासूबाई बोलत नाहीत, ही गोष्ट या घरात लक्षात ठेवण्यासारखी होती.

"कसं आहे?" रंगारीण.

"थांब जरा. आत्ताच आत गेलंय ते. बसू दे त्याला." आणखी एक घोट. मग त्यांना गप्पा मारायची लहर आली. ग्लास हातात धरून त्या एका स्पर्धेची गोष्ट सांगू लागल्या. त्यांच्या एका विद्यार्थिनीची टोपी मध्येच निसटली, केस डोळ्यांवर आले, आणि ती आंधळ्यासारखी पोहत जिंकली, फक्त शेजारच्या रांगेत. खिडकीतून ऊन आत आलं होतं, ग्लासावर पडलं होतं.

"आई, आधी पी, मग बोल," मुलगा म्हणाला.

"पिते रे बाबा," त्या म्हणाल्या, आणि मोठा घोट घेतला.

पुढचं सगळं फार भरभर झालं. सासूबाईंचा चेहरा लाल झाला, मग जांभळट. घशातून आवाज येईना आणि मग आला तो असा, की रंगारणीच्या हातातला चमचा गळून पडला. मुलाने त्यांना पुढे वाकवलं, पाठीला हात दिला. खोकला आला, थांबला, पुन्हा आला. शेवटी एक लांब, फाटका श्वास आत गेला आणि सासूबाई खुर्चीत मागे कलंडल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

ग्लास जमिनीवर आडवा पडला होता. रंगारीण तो उचलायला वाकली आणि तशीच थांबली. फरशीवर पिवळं पाणी पसरलं होतं. पाणीच. त्याच्यावर थोडा फेस, बाकी सगळं मोकाट धावत पलंगाखाली गेलेलं. मघाचा मध कुठे गेला?

"बंद," नवरा म्हणाला. त्याने फरशीवरचा ग्लास उचलला. "हे सगळं आजपासून बंद."

*

त्या संध्याकाळी घरात कुणी धड जेवलं नाही. सासूबाईंना ताप आला नाही, एवढीच सुटकेची गोष्ट. त्यांनी खळीचे चार चमचे न थुंकता घेतले. टोमणा मारला नाही. रंगारणीला खोकल्यापेक्षा त्याचंच जास्त भय वाटलं.

बुधवारी सकाळी ती घोटबाईंना फोन करायला गेली तर नवऱ्याने हात मध्ये घातला.

"काय सांगणार आहेस त्यांना?"

"काय झालं ते."

"शुक्रवारची नळी आजच घालतील."

"घालू देत. पण का झालं ते मला कळलं पाहिजे."

"का झालं ते कळून काय करणार? लिफ्टची दोरी एकदा घसरली की आम्ही लिफ्ट बंद करतो. दारावर पाटी लावतो."

"आणि पाटी लावून घरी जाता?"

खोटं बोलणं त्याला कधी जमलं नव्हतं. "नाही," तो म्हणाला. "दोरी का घसरली ते शोधतो."

"मग व्हा बाजूला."

घोटबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. आधी ताप, श्वास, खोकला यांची चौकशी केली. मग विचारलं, "बर्फ घातला होता?"

"हो."

"आणि चमच्यावर कधी पाहिलंत?"

"मिक्सरमधून काढल्या काढल्या."

"तिथेच गफलत झाली. बर्फ वितळला की त्याचं पाणी होतं, आणि अननस जोरात फिरवला की नुसता फेस येतो. फेस दाट दिसतो, पण थोड्या वेळाने बसतो. तुम्ही जे चमच्यावर पाहिलंत ते आजींच्या घशात गेलंच नाही. घशात गेलं ते नंतरचं. त्यांच्या तोंडात कोमट झाल्यावर ते कसं राहील, ते बघायचं असतं."

फोन ठेवल्यावर रंगारीण ओट्याशी उभी राहिली आणि स्वतःच्या कपाळावर तळहात मारून घेतला. रंगाची छटा ती कधीही डब्यात बघून ठरवायची नाही. भिंतीवर हातभर पट्टा ओढायची आणि दुसऱ्या दिवशी, वाळल्यावर बघायची. गिऱ्हाईक घाई करू लागलं तर त्यालाच ऐकवायची, "ओला रंग खोटं बोलतो, वाळू द्या." पण घट्टपणा? घट्टपणा ती सगळं आयुष्य डब्यातच बघत आली होती. काठी बुडवली, उचलली, धार पाहिली, लगेच ब्रश बुडवला. तिथे थांबायचं कारणच नसे. आणि तीच सवय घेऊन ती स्वयंपाकघरात शिरली होती.

"सापडली का दोरी?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"सापडली," ती म्हणाली. "आता फळं आणा. मी सांगते तीच. आणि बर्फाच्या दुकानाकडे बघूसुद्धा नका."

*

गुरुवारी त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बघायला हवी होती. कट्ट्यावर वाट्याच वाट्या, प्रत्येकीत पिवळ्याचा थोडा वेगळा नमुना, आणि प्रत्येकीवर ऊन.

बर्फ गेला. आंब्याच्या आणि केळ्याच्या फोडीच तिने फ्रीजरमध्ये दगडासारख्या गोठवून घेतल्या. त्या वितळल्या तरी त्यांचं पाणी होणार नव्हतं, आंबा आणि केळंच होणार होतं. अननस साखरेच्या चिमटीबरोबर मंद आचेवर शिजवून घेतला, त्याने जिभेला चावणं सोडलं. तो थंड करून फडक्यातून दोनदा गाळला. धागे फडक्यात राहिले, आंबटपणा खाली उतरला. नारळाच्या दुधावरचा दाट थर तेवढा घेतला. मिक्सर आता टोकाला नेला नाही. हळू फिरवायचं, थांबायचं, पुन्हा हळू. मग भांडं ओट्यावर हलकेच आपटायचं, बुडबुडे वर आले की चमच्याने काढून टाकायचे, आणि झाकून ठेवून द्यायचं.

"आता काय?" नवरा म्हणाला.

"आता काही नाही. वाळू द्यायचं."

पहिली वाटी खोलीच्या तापमानाला आल्यावर चमच्यावरून पळाली. दुसरीत केळं वाढवलं तर ती चिकटून बसली, अगदी खळीची बहीण. तिसरी चमच्यावरून बरी उतरत होती, पण चवीला अननस कुठे सापडेना. सासूबाईंनी आंबट-गोड म्हटलं होतं, आणि रंगारीण चुकीची छटा लावून पैसे घेणाऱ्यांतली नव्हती. फसलेल्या वाट्या नवऱ्याच्या पोटात जात होत्या.

"मला आता आंब्याचं झाड फुटेल," तो म्हणाला.

"फुटू दे. सावली होईल."

चौथी वाटी त्यांनी ठेवली आणि दोघं स्वयंपाकघरातल्या स्टुलांवर बसून राहिले. वितळण्याची वाट बघत असं रिकामं बसणं त्यांच्या संसारात फारसं झालं नव्हतं. शेवटी नवरा उठला, चमचा बुडवला, तिरका केला. पिवळी धार सावकाश, सलग, घाई न करता उतरली. त्याने पुन्हा पाहिलं. मग आणखी थांबून पुन्हा.

"वर जाऊन खाली आली," तो म्हणाला.

पण गुरुवारी त्यांनी ती सासूबाईंना दिली नाही. या बाबतीत दोघांचं एकमत होतं. जे काय व्हायचं ते घोटबाईंच्या डोळ्यांसमोर होऊ दे.

*

शुक्रवारी घोटबाई आल्या तेव्हा ग्लास टेबलावर तयार होता. आधीच करून, गार करून, मग थोडा वेळ बाहेर काढून ठेवलेला. शेजारी त्याच भांड्यातली एक वाटी सकाळपासून बाहेर ठेवलेली होती.

"ही कशाला?" घोटबाईंनी विचारलं.

"ती नंतरची," रंगारीण म्हणाली. "घशात जाईपर्यंत ग्लासातलं असंच होणार. ती बघा आधी."

घोटबाईंनी वाटीत चमचा तिरका केला, ग्लासात केला, थोडं बोटांत चोळून पाहिलं. मग मान हलवली. "हे मी देईन," त्या म्हणाल्या. "आजी, बसायचं का सरळ?"

सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "नको," त्या म्हणाल्या. "घाला ती नळी."

मुलगा म्हणाला, "आई, अगं सोमवारी तर तूच मागितलं होतंस..."

"नको म्हटलं ना. घशात अडकतं, आणि मग वर येता येत नाही. तुम्हाला नाही कळायचं ते." त्यांचा चांगला हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळला होता. ज्या बाईने शेकडो पोरांना खोल पाण्यात सोडलं, ती टेबलावरच्या ग्लासाकडे बघायला तयार नव्हती.

रंगारीण उठली. तिने समजूत घातली नाही. खुर्ची ओढून ती सासूबाईंच्या शेजारी, त्यांच्यासारखंच खिडकीकडे तोंड करून बसली.

"आई, एक विचारू? तलावात एखाद्या पोराच्या नाकातोंडात पाणी जायचं आणि ते काठावर जाऊन बसायचं. मग तुम्ही काय करायचात?"

"आता हे कशाला?"

"सांगा तर. ओरडायचात?"

"छे." सासूबाईंना राहवलं नाही. कामाचं विचारलं की त्यांना गप्प बसवत नसे. "ओरडलं की पोर पाण्यात पडतं, उतरत नाही. मी शेजारी जाऊन बसायची."

"आणि?"

"आणि काही नाही. पाय सोडून बसायची. थोड्या वेळाने म्हणायची, पाय बुडव. नुसते पाय."

"पोहायचं नाही?"

"पोहण्याचं नावच काढायचं नाही."

"आणि मग पोर उतरायचं?"

"स्वतःहून उतरायचं. माझ्याकडे न बघता." एवढं बोलून सासूबाई थांबल्या. हळूहळू मान वळवून त्यांनी सुनेकडे पाहिलं. उतरलेला ओठाचा कोपरा हलला. "तू फार हुशार समजतेस का गं स्वतःला?"

"मी नुसती शेजारी बसलेय."

"मला माझंच औषध पाजतेय," सासूबाईंनी घोटबाईंना सांगितलं, तक्रार केल्यासारखं.

"मी काही बोलत नाहीये," घोटबाई म्हणाल्या आणि आपली खुर्ची जराशी मागे घेतली.

रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिपाणी वाजत होती. मग सासूबाईंनी डावा हात पुढे केला.

"चमचा दे. जीभ लावते. नुसती जीभ."

रंगारणीने चमच्याच्या टोकावर मावेल तेवढंच दिलं. सासूबाईंनी हनुवटी खाली केली. गळ्यावरची कातडी एकदा वर सरकली, खाली आली.

"आऽ म्हणा," घोटबाई म्हणाल्या. आवाजात ओलेपणा आला, तर काहीतरी घशात राहिलंय हे त्यांना त्यावरून कळायचं.

"आऽ."

कोरडा, स्वच्छ आवाज. तलावाच्या पलीकडच्या काठापर्यंत गेला असता असा.

दुसरा चमचा. आऽ. तिसरा. मग सासूबाईंनी चमचा बाजूला सारला आणि ग्लासाकडे बोट केलं. त्या घोट घेत राहिल्या, मध्ये थांबत, मध्ये डोळे मिटत. गोष्टी सांगितल्या नाहीत. पिणं हेच काम असल्यासारख्या पीत होत्या. ग्लास उन्हात नव्हता, पण वेळ जात होता, आणि दर घोटाला रंगारणीची नजर शेजारच्या वाटीकडे जायची. वाटीत जसं होतं तसंच ग्लासातही होतं. खोकला आला नाही.

ग्लास रिकामा झाला तेव्हा घोटबाईंनी त्यांचा गळा ऐकला, छाती ऐकली, पुन्हा एकदा 'आऽ' म्हणायला लावलं. मग खिशातून फोन काढून बाहेरच्या खोलीत गेल्या. तिथून त्यांचं एकच वाक्य ऐकू आलं, "दुपारची ती वेळ दुसऱ्या कुणाला द्या."

मुलगा एकदम पलंगाच्या कडेवर बसला. रंगारीण उभीच होती. तिला हसायचं होतं, पण आधी नाक पुसावं लागलं.

"असे ग्लास दिवसातून तीनदा," घोटबाई परत येऊन म्हणाल्या. "प्रत्येक वेळी वाटी बाहेर ठेवून बघायची. वाटी फसली तर ग्लास ओतून द्यायचा, वाईट वाटून घ्यायचं नाही. मंगळवारी येते. असंच चाललं तर नळीचा विषय पुढे काढायचं कारण नाही."

"आणि साधं पाणी?" सासूबाईंनी विचारलं.

"त्याला वेळ आहे, आजी. व्यायाम करावे लागतील. रोज."

"करून घ्या. मी कडक मास्तरणीच्या हाताखाली कधी शिकले नाही, तेवढं एक राहिलंय." मग सुनेकडे वळून, "आणि काय गं, अननस जरा कमी पडला."

"पडला नाही. मोजून घातलाय."

"मग मोजायला चुकलीस."

*

दुपारी जिन्याच्या मालकाचा पुन्हा फोन आला, तेव्हा रंगारीण म्हणाली, "येते." तिने कामाचे कपडे चढवले. नवऱ्याने दोन दिवसांची रजा टाकली होती. दुपारचा ग्लास तो करणार होता.

"जमेल ना?" तिने विचारलं.

"तू केलंस ते मी पाहिलंय."

"पाहिलंय म्हणजे प्यायलात. करणं वेगळं."

"निघतेस का नाही?" आतून सासूबाई ओरडल्या. "मी आहे की लक्ष ठेवायला. माझी खुर्ची स्वयंपाकघरात आण रे."

ती दाराबाहेर पडली तेव्हा मिक्सर सुरू झाला होता. पायऱ्या उतरता उतरता तिला मागून ऐकू येत राहिलं.

"हळू! अरे हळू, लिफ्ट नाहीये ती. फेस आणतोस का? बंद कर. आता आपट. एवढ्या जोरात नाही, भांडं आहे ते. हां. आता झाक आणि बस."

"किती वेळ बसू?"

"मी सांगेन तेव्हा ऊठ."

रंगारणीने खाली ठेवलेली शिडी खांद्यावर घेतली आणि वळणावर दिसेनाशी होईपर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही.